खालापूर फाट्यावरचा 'उ'

माझ्या वर्गातल्या सदाने बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाला, "वासंतीला बघायला खोपोलीचा मुलगा येतोय. पुढच्या रविवारी." ती फुंकर आणि पुढचा घोट यांच्या मधल्या क्षणात माझं सगळं बदललं. कँटीन तेच होतं, टेबलावरची माशीही तीच, पण बाकावरून उठलो तो मी राहिलो नव्हतो. पुढचा तास प्रॅक्टिकलचा. सरांनी उशिराचं कारण विचारलं. मी जे उत्तर दिलं ते चार माणसांत सांगण्यासारखं नाही. अ‍ॅप्रन खुंटीला अडकवला आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातून अर्ध्यावरच बाहेर पडलो.

वासंती आमच्या वर्गात. पुण्यात मामाकडे राहून शिकायची. घर खालापूर फाट्यावर, वडील निवृत्त शिक्षक. दिवाळीला गावी गेली ती अजून परतली नव्हती. सुट्टीच्या आधी मी तिला ग्रंथालयाच्या जिन्यात गाठून मनातलं सांगून टाकलं होतं. ती म्हणाली, "बघू." आता 'बघू'चे अर्थ किती होतात ते मराठी माणसाला सांगायला नको. आई म्हणते तेव्हा ते 'नाही' असतं, शिंपी म्हणतो तेव्हा 'पुढच्या आठवड्यात'. वासंतीच्या 'बघू'चा मला हवा तो अर्थ मी लावून टाकला होता.

रविवारच्या आत तिथं जायचं आणि तिच्या वडिलांना विचारायचं, असं ठरवलं. ठरवलं तेव्हा रागात होतो, म्हणून भीती जाणवली नाही. ती भेटली पुणे स्टेशनवर, तिकिटाच्या रांगेत. पोटात कुणीतरी ओला पंचा पिळतंय असं वाटायला लागलं. तिथून पुढे सगळ्या प्रवासात ती माझ्या शेजारीच बसून होती, म्हणून या प्रवासवर्णनात डोंगरांपेक्षा तिचंच नाव जास्त येईल. वाचणाऱ्याने माफ करावं.

तुम्हाला पुण्याहून खालापूर फाट्यावर जायचं असेल तर सोपं आहे. मुंबईकडे जाणारी एस.टी. धरा, घाट उतरा, खोपोली मागे टाका आणि फाट्यावर उतरा. मी मात्र उलटा फेरा घेतला. आमच्यात मुलाने स्वतः जाऊन मुलगी मागायची रीत नाही. वडीलधारं माणूस बरोबर लागतं. वडिलांना विचारण्याची सोय नव्हती, कारण कॉलेज सोडल्याचं कळल्यापासून ते माझ्याशी बोलत नव्हते. ताटावर बसले की मीठसुद्धा आईकडून मागवत. उरली आत्या. ती कशेळ्याला. म्हणून आधी कर्जत, तिथून कशेळे आणि मग आत्याला घेऊन खालापूर, असा बेत.

गुरुवारी सकाळची पॅसेंजर घेतली. घाटात खिडकी मिळाली तर सोडू नका. पावसाळा नुकताच सरलेला असतो, दऱ्या अजून हिरव्या असतात, कड्यांवरून पाण्याच्या बारीक रेघा उतरत असतात. माझं लक्ष बोगद्यांकडेच. बोगद्यात पोरं ओरडतात, तसा डब्यात आरडाओरडा सुरू झाला की मला वाटे, बाहेर पडेपर्यंत काहीतरी वाईट होणार. समोर बसलेले एक म्हातारे आजोबा माझ्या गुडघ्यांकडे बघून म्हणाले, "थंडी वाजतीय का रे बाळ?" बाहेर चांगलं ऊन होतं. मी हो म्हणालो.

कर्जतला वडा खा, पण उतरून खा. खिडकीतून घेतला तर सुटे हातात येईपर्यंत गाडी हलते. स्टेशनबाहेरून मुरबाडकडे जाणारी एस.टी. कशेळ्याला जाते. रस्ता खडबडीत, पण आजूबाजूला कापलेली भातशेतं आणि मधेमधे पेंढ्यांच्या उडव्या. उजवीकडे सह्याद्रीची भिंत. गाडीत पाड्यावरच्या बायका होत्या, बाजारातून मीठ-मिरची घेऊन परतत होत्या. कंडक्टर त्यांच्या टोपल्यांवरून कुरकुरला, तर एकजण त्याला म्हणाली, "माजी टोपली गप बसलीय, कुरकुर तुजी चाललीय. खाली कुनी उतरायचं ते तूच सांग." सगळी गाडी हसली. मीही हसलो, पण जरा उशिरा.

आत्या खळ्यावर सापडली. डोक्याला फडकं बांधून भात झोडत होती. मला बघून हात थांबले.

"ह्यो कुठून उगवला रं? घरची समदी बरी हायत ना?"

"बरी आहेत."

"मग तुजं तोंड असं का, म्हस मेल्यावानी?"

जेवायला बसल्यावर सांगितलं. तांदळाची गरम भाकरी, वालाचं बिरडं, तव्यावरची सुकट. कशेळ्याला कुणाकडे उतरलात तर बिरड्याला नाही म्हणू नका. मला दोन घास उतरत नव्हते. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पोरीला इचारलंस?"

"विचारलं होतं. ती बघू म्हणाली."

आत्या इतकी हसली की तिने पदर तोंडाला लावला. "बघू म्हनली? आरं, आमी बैल इकायला काढला तरी गिऱ्हाईक तसंच म्हन्तं!"

मी ताटावरून उठायला निघालो. तिने मनगट धरून खाली बसवलं. "बस गुमान. अन्नावरचा राग परवडत नाय आपल्याला. तुज्या बापाचंबी असंच. राग आला की आमाला कळायचं, आज दादाला कशाचं तरी भ्या वाटतंय."

हे वाक्य मला भाकरीपेक्षा जड गेलं.

दिवेलागणीला आत्या पोथी वाचते. शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसतात. वाचन म्हणजे सुरावरचं वाचन नव्हे, एका ओळीला थांबून ती मधेच म्हणते, "बघा, हितं आपली चंद्री सून आठवती का न्हाई?" आणि बायका खुसखुसतात. त्या गेल्यावर मी म्हटलं, "आत्या, माझ्यासाठी कौल घे ना पोथीचा." डोळे मिटून पोथी उघडायची, पानावर सुपारी ठेवायची, सुपारीखाली जी ओवी येईल ते उत्तर, अशी आमच्याकडे जुनी पद्धत. तिने हो-नाही केलं नाही. सुपारी माझ्याच हातात दिली.

पान उघडलं. एका राजाचं राज्य गेलेलं, राणी दुरावलेली, राजा रानात झाडाखाली एकटा बसून रडतोय. मी सुपारी उचलून घेतली. वासंती दुरावली. राज्य गेलं. झाड तेवढं उरलं होतं.

"पुढं वाच," आत्या म्हणाली.

"नको."

"वाच म्हन्ते ना."

"नको आत्या, कळलं मला काय ते."

"काय कळलं तुला, कप्पाळ?" तिने पोथी स्वतःकडे ओढली. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हन्तात ते उगाच नाय. तू पान बघितलंस, अध्याय नाय बघितला. ह्या पोथीत रडला नाय असा येक तरी राजा दाखव मला. माजी गाय मेली त्या दिशी हाच अध्याय वाचला. नातू झाला तवाबी हाच. पोथी तीच रं. चुलीम्होरं ज्या अंगानं बसशील त्या अंगाला ऊब लागनार. पाठ करून बसलास तर पाठीला."

मग मी मुद्द्यावर आलो. उद्या माझ्याबरोबर खालापूरला चल. आत्याने वर आभाळाकडे बोट केलं. खळ्यावर भात पडलंय, ढग जमतायत, माणसं मिळत नाहीत. सोमवारी येते म्हणाली.

"सोमवारी काय करू? तिच्या साखरपुड्याचे पेढे खाऊ?"

"मंग जा येकटा. देवानं तोंड दिलंय ना? रीत माणसानंच केली हाय, माणसानंच वाकवायची." आणि पोथी फडक्यात बांधता बांधता, "वाटंत चांगलं वचन दिसंल तर वाच. कामाचं असंल तर उचल, नसंल तर तितंच ठेव. पर दिसंल ते अंगावर ओढून घेऊ नको."

मी मान हलवली. शुक्रवारभर मी नेमकं दिसेल ते अंगावर ओढत होतो.

सकाळच्या गाडीने पुन्हा कर्जत, तिथून चौकला जाणारी एस.टी. हा रस्ता छान आहे, मधे उल्हास नदी लागते, पुढे प्रबळगड आणि इर्शाळगड दिसतात. इर्शाळचा सुळका तर असा उभा राहतो, जणू कुणी बोट वर करून दम देतंय. मला तरी तसंच वाटलं. चौक म्हणजे मुंबई-पुणे रस्त्यावरचं गाव. ढाबे, गॅरेजं, पंक्चरवाले आणि ओळीने उभे ट्रक. तिथली मिसळ तिखट असते, पोट बरं नसेल तर उसळ-पाव घ्या. मी नुसता चहा घेतला आणि ट्रकच्या पाठी वाचत बसलो.

एकावर होतं, 'घाटात घाई, घरी रडते आई'. माझी आई खरंच रडत असणार. दुसऱ्यावर, 'नशिबात असेल तर पुन्हा भेटू'. म्हणजे नसेल तर नाही. तिसऱ्यावर नुसतंच, 'अंतर ठेवा'. हे तर वासंतीच्या वडिलांनी माझ्यासाठीच रंगवून घेतलंय अशी माझी खात्री झाली. चहा गार झाला.

एका ट्रकवाल्याने नेतो म्हणून सांगितलं. मिश्यांचा, कऱ्हाडकडचा गडी. शंकरराव म्हणून हाक मारत होते त्याला.

"कुठवर, पाव्हणं?"

"खालापूर फाटा."

"फळ्यावाल्या गुरुजींकडं का?"

मी दचकलो. वासंतीने वडिलांविषयी कधी फारसं सांगितलं नव्हतं. शंकरराव मात्र सांगत सुटला. गुरुजींचं घर रस्त्याला लागून, दारात एक काळा फळा, त्यावर रोज सकाळी खडूने एक वचन. कधी पोथीतलं, कधी म्हण. खोपोलीकडे जाणारे ड्रायव्हर तिथं गाडी हळू करतात, वाचतात आणि मग घाट चढतात.

"न वाचता चढलं तर?" मी विचारलं.

"चढतोय की. पर मनाला चावत ऱ्हातं. गेल्या पावसात माजा ब्रेक पकडत नव्हता, वळणावर हात थरथराय लागलं. फळ्यावर त्या दिशी लिवलं हुतं, 'कर नाही त्याला डर कशाला'. म्हनलं, आपन काय कुनाचं वाईट केलंय? हात थांबलं, बघा. गाडी लावली कडंला, दगड लावला चाकाला, वाचलो."

मला हेवा वाटला. माझ्या हातांना थांबवणारं वाक्य अजून भेटलं नव्हतं.

फाटा जवळ आला. ट्रक हळू झाला. चिंचेच्या सावलीत कौलारू घर, पुढे ओटा, ओट्याशी लाकडी घोडीवर फळा. शंकररावने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मोठ्याने वाचलं:

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!"

मग माझ्याकडे वळून, माझ्या गुडघ्यांकडे बघून तो असा हसला की स्टिअरिंगवर पोट आपटलं. "पाव्हणं, तुमी कशासाठी आलाय म्हनालात?"

मी काही म्हणालोच नव्हतो. सदाने कळवलं असणार. गुरुजींना माहीत आहे मी येणार ते. सगळ्या हमरस्त्याला माहीत आहे. मुंबईपासून पुण्यापर्यंतचे ड्रायव्हर मला हसतायत. खाली उडी टाकली, ट्रक पुढे जाऊ दिला आणि मग भीतीनं म्हणा, रागानं म्हणा, आत्याच्या हिशेबानं दोन्ही एकच, मी सरळ फळ्याकडे गेलो आणि शर्टाच्या बाहीने तो पुसून टाकला. एका दमात. बाशिंग, गुडघा, नवरा, सगळं.

मागून कर्कश हॉर्न वाजला. दुसरा ट्रक येऊन थांबला होता. ड्रायव्हर ओरडला, "ओ गुरुजी! फळा कोरा का? कोरा फळा बघून घाट चढायचा व्हय आमी?" त्याच्या मागे आणखी एक गाडी. तिचाही हॉर्न.

घरातून धोतर-बंडीतले उंच गृहस्थ बाहेर आले. हातात खडू. त्यांनी आधी फळ्याकडे बघितलं, मग माझ्या पांढऱ्या झालेल्या बाहीकडे.

"झालं पुसून?"

या दोन शब्दांत चिडल्याचं काहीच नव्हतं. म्हणूनच माझी बोबडी वळली.

गुरुजींनी ड्रायव्हरला हात करून सांगितलं, "थांब जरा. आज हे लिहिणार आहेत." आणि खडू माझ्यापुढे धरला. "तुम्ही 'उ' पुसलात. 'उ'च लिहायचा."

"म्हणजे?"

"काल 'ई' होता. आज 'उ'. मी बाराखडीच्या क्रमाने जातो. पूर्वी मनाला येईल ते लिहायचो, तर सरपंचाला वाटायचं त्याच्यावर आहे, किराणावाल्याला वाटायचं त्याच्यावर. दोन घरांत बोलणं बंद झालं माझ्या फळ्यापायी. तेव्हापासून अक्षरांना विचारतो, माणसांना नाही." खडू माझ्या हातात देत म्हणाले, "तरी प्रत्येकाला वाटतंच, माझ्यावर लिहिलंय. वाटू दे. त्याशिवाय ते लागू कसं पडणार? फक्त पुसायचं नाही."

मी फळ्यापुढे उभा राहिलो. मागे दोन ट्रक, इंजिनं चालू. डोक्यात 'उ' शोधू लागलो. उथळ पाण्याला खळखळाट फार. उचलली जीभ, लावली टाळ्याला. 'उ'च्या सगळ्या म्हणी माझ्याच घरच्या निघाल्या! खडू बोटांत घामाने चिकटला. हॉर्न पुन्हा वाजला. आता रडू फुटणार असं वाटत असताना दारातून आवाज आला.

"उद्योगाचे घरी."

वासंती होती. चौकटीला टेकून उभी. हसत नव्हती, रागावलेलीही नव्हती. प्रॅक्टिकलला एखाद्याचं रीडिंग चुकतंय हे दिसल्यावर शेजारचा सांगतो, तशी सांगत होती. मी लिहायला घेतलं. हात इतका कापत होता की शिरोरेघ सापाच्या वाटेने गेली. 'ऊद्योगाचे घरी रिद्धी-सिद्धी पाणी भरी.'

गुरुजी जवळ आले. त्यांनी पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. "हा दीर्घ ऊ उद्याचा. उद्याचं अक्षर आज कशाला खर्च करता? आजचं आज लिहा."

मी शेपूट पुसलं. ऊ चा उ झाला. ट्रकवाल्याने वाचलं, फळ्याला नमस्कार केला आणि निघाला. दुसराही गेला. रस्ता मोकळा झाला आणि मी, गुरुजी आणि दारातली वासंती एवढेच उरलो.

ओट्यावर बसवलं. तांब्यातलं पाणी आलं. ते वासंतीनेच आणलं.

"कशासाठी येणं झालं?" गुरुजींनी विचारलं.

खंडाळ्याला चाललो होतो, पाणी प्यायला थांबलो, हे वाक्य जिभेवर तयार होतं. अगदी व्याकरणशुद्ध. ते गिळलं. गिळायला पाण्याचा अख्खा पेला लागला. मग म्हणालो, "वासंतीला मागणी घालायला आलो. आत्याला आणणार होतो, पण भात झोडायचं चाललंय. म्हणून एकटा आलो."

गुरुजींनी चष्मा काढला. "काय शिकता?"

"शिकत होतो. सोडलं."

"केव्हा?"

"गेल्या आठवड्यात. रविवारचं ऐकलं त्या दिवशी."

"मुलीला विचारलंत? नाही, एका हाताने..." म्हणता म्हणता ते थांबले. "जाऊ दे. ते 'ए'चं आहे. रविवारी येईल." आणि वळून म्हणाले, "वासंती, उत्तर तू दे. तुझ्या वतीने मी बोलणार नाही."

माझ्या आयुष्यातल्या सगळ्या भीती, बोगद्यातली, पोथीच्या पानावरची, चौकच्या ट्रकांवरची, एका जागी गोळा झाल्या आणि तिच्या ओठांकडे बघत बसल्या.

"मी बघू म्हणाले होते," वासंती म्हणाली. "तुम्हाला आठवत असेल."

तुम्हाला. कॉलेजात ती मला 'तू' म्हणायची. जिन्यातसुद्धा 'तू' म्हणाली होती. पुढचं ऐकायच्या आधीच मला कळलं.

"मी बघितलं. नाही."

"खोपोलीच्या मुलामुळे?"

"तो रविवारी येणार आहे, त्यालाही बघू म्हणेन. परीक्षा मी देणारच आहे, हे बाबांनी त्यांना कळवलंय. पण तुमचं... तुम्ही माझ्यासाठी कॉलेज सोडलंत. मी सांगितलं नव्हतं. उद्या भांडण झालं की तुम्ही हे म्हणणार. परवा म्हणणार. जन्मभर म्हणणार. एवढं ओझं मला नाही झेपायचं."

खोटं बोलत नव्हती. मी ते म्हटलं असतं. तिथल्या तिथे, त्याच ओट्यावर, माझ्या तोंडात ते आलंच होतं: तुझ्यासाठी सोडलं! तिने माझ्या आधी म्हटलं, म्हणून ते माझ्या तोंडात विरघळून गेलं.

गुरुजी मला फाटकापर्यंत सोडायला आले. "खोपोलीपर्यंत चालत जा," म्हणाले. "गाडी पकडायची घाई करू नका. चालल्यावर बरं वाटतं."

खालापूर फाटा ते खोपोली चालत जाण्याची शिफारस मी कुणाला करणार नाही. धूळ, धूर, अंगाला घासून जाणाऱ्या गाड्या. डाव्या हाताला शेतं, उजव्या हाताला डोंगर आणि समोर खोपोलीच्या कारखान्यांची धुराडी. तरी गुरुजी म्हणाले होते म्हणून चाललो. रडलोही. झाडाखाली बसून नव्हे, चालता चालता, त्यामुळे कुणाला दिसलं नाही. आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. पोटातला पंचा पिळणारा हात गेला होता. दुःख होतं, आणि ते भरपूर होतं, पण भीती नव्हती. जिची भीती होती ती गोष्ट होऊन गेली होती आणि मी अजून चालत होतो.

खोपोलीत स्टँडसमोरच्या टपरीवर भजी घेतली. दोन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली होती. शेजारच्या बाकावर दोन ड्रायव्हर चहा पीत होते.

"फळा वाचलास का आज? गुरुजी आजारी हायत काय रं?"

"का?"

"अक्षर बघितलं न्हाईस? समदं थरथरतंय. आजवर असं कधी न्हाई झालं."

"वय झालं की. जाता येता बघून यायला पायजे येकदा."

मला राहवलं नाही. "ठणठणीत आहेत," मी म्हणालो. "मी आत्ताच भेटून आलो."

"मग अक्षर असं का?"

"ते दुसऱ्या कुणाचं होतं. तो घाबरला होता."

पहिला ड्रायव्हर विचार करून म्हणाला, "घाबरला हुता तरी लिवलं ना? मग चालतंय. मी तेच म्हनत घाट चढतो आता. माज्या पोराला गॅरेज टाकायचंय, उद्योगाचंच वचन पायजे हुतं."

माझ्या वाकड्या शिरोरेघेखालून कुणीतरी गॅरेज टाकणार होतं. मी त्याला माझ्यातली दोन भजी दिली. पुण्याची एस.टी. आली. घाटात गाडी आचके देत चढत होती, वळणावर मागे सरकल्यासारखी वाटे, तेव्हा मी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरून बसे. भीती गेली असं मघाशी लिहिलं ते घाईने लिहिलं. ती फक्त एका जागेवरून उठून दुसऱ्या जागेवर बसली होती. पण आता तिच्याशी बोलायला मला एक वाक्य होतं. आजचं अक्षर आज. त्याने घाट सपाट झाला नाही, ड्रायव्हरला जादा ब्रेक मिळाला नाही. पुढच्या वळणापर्यंत पुरलं. त्याच्यापुढच्या वळणाला पुन्हा म्हटलं.

हे वाचून कुणी फाट्यावर जाणार असाल तर एवढंच सांगतो. आपल्या अडचणीचं वचन फळ्यावर असेल अशी आशा धरून जाऊ नका. 'उ' असेल तर 'उ' मिळेल, 'ढ' असेल तर 'ढ'. मिळेल ते घ्या आणि त्यात आपण कुठे बसतो ते बघा. मी आत्याचं अर्धं ऐकलं आणि गुरुजींचं अर्धं. अंगावर ओढून घेऊ नको, हे आत्याचं. अंगावर आल्याशिवाय लागू पडत नाही, हे गुरुजींचं. दोन्ही खरी वाटतात. फरक इतकाच असावा, की जे वाचून हात-पाय गार पडतात ते ओढून घेतलेलं, आणि जे वाचून हाताला काम मिळतं ते लागू पडलेलं. तोच फळा, तेच खडूचं अक्षर. आणि हो, फळ्याला हात लावायला जाऊ नका.

रविवार घरात काढला. दुपारी जेवताना ध्यानात आलं, की फाट्यावर आता 'एका हाताने टाळी वाजत नाही' लिहिलेलं असणार आणि खोपोलीची मंडळी त्याच ओट्यावर बसून ते वाचत असणार. घास फिरला. पण ताटावरून उठलो नाही. आईने भाजी वाढली, ती खाल्ली.

सोमवारी सकाळी शर्ट घातला. कॉलेजच्या ऑफिसात जायचं होतं. आधी त्या सरांना भेटायचं, माफी मागायची, आणि मग परत घेतात का विचारायचं. सर कसे बघतील, वर्गातली पोरं काय म्हणतील आणि पुढच्या बाकावर वासंती येऊन बसेल तेव्हा मी कुठे बघायचं, या सगळ्याची भीती वाटत होती. पायात चपला सरकवत होतो तेवढ्यात वडील बोलले. बऱ्याच दिवसांनी. वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता.

"कुठे निघालास?"

"कॉलेजात. परत घेतात का विचारायला."

पान उलटल्याचा आवाज आला. "नाही म्हणाले तर?"

"तर ऐकून येतो."

मी बाहेर पडलो आणि मागे हात नेऊन दार लावून घेतलं.